परातीतला एकच गोळा

रत्ना,

सोमवारी बोलू, असं म्हणून तू शुक्रवारी दुपारी गेलीस, ती गेलीसच. छत्रीसुद्धा विसरलीस. ती अजून दारामागच्या खिळ्याला आहे. आज पुन्हा शुक्रवार. मध्ये दोन सोमवार येऊन गेले आणि आपलं भांडण तिथल्या तिथेच राहिलं, घशात माशाचा काटा अडकावा तसं. कोरडा भात गिळून झाला, केळं खाऊन झालं, जात नाही.

दमले गं मी. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुठे चिडले किंवा रडले तर तू समजून घेशील. बालवाडीत अठ्ठावीस पोरं आणि एकटी मी. वस्तीचा डोंगर चढून येताना आता त्या किराणावाल्याच्या पायरीवर बसावंच लागतं. आपण दोघी तिथे थांबायचो ते तुझ्या गुडघ्यांसाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर माझेही दुखायचे. तू होतीस म्हणून तुझ्या नावावर खपून जायचं. परवा किराणावाल्याने विचारलं, "टीचर, आज त्या दुसऱ्या टीचर नाहीत?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचंही मलाच लागलं. त्याने न मागता पाण्याचा ग्लास आणून दिला.

पर्समध्ये एक कागद लिहून ठेवला आहे, संस्थेच्या ताईंना द्यायला. या महिन्यानंतर मला जमणार नाही, दुसरी टीचर बघा. चार दिवस झाले, कागद पर्समध्येच आहे. रोज काढते, वाचते, परत ठेवते.

तुझ्याकडे माफी मागायच्या दोन गोष्टी आहेत. आधी छोटी सांगते.

गेल्या शुक्रवारी तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला आले. तुमच्या साकीनाक्याच्या गल्लीत खालच्या गाळ्यातलं मशीन दिवसभर ठकठक करत असतं ना, त्या दिवशी त्यांनी ते तुझ्यासाठी बंद ठेवलं होतं. गल्ली ओळखू येईना. वर सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, आणि मी बालवाडीतून तशीच उठून आलेली, निळ्या साडीला खळ लागलेली. भंतेजी वंदना म्हणत होते, सगळ्या हात जोडून मागोमाग म्हणत होत्या. मी नुसते ओठ हलवले. तुझ्या फोटोपुढे फूल ठेवलं. फोटो कुणी निवडला गं? तू इतकी गंभीर कधी दिसायचीस?

मग जेवायला बसवलं. प्रज्ञा वाढत होती. तुझी एवढीशी पोरगी, आपल्याच बालवाडीत वाळूच्या डब्यात झोपायची, ती आता आईच्या कार्याला पंगत वाढतेय. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "कावळा लवकर शिवला का गं?"

ती थांबली. बाजूच्या दोन बायका थांबल्या.

"मावशी, आमच्यात पिंड नसतो," प्रज्ञा म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि मलाच आणखी भाजी वाढली.

बावीस वर्षं, रत्ना. तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी मी माझ्या घरी डबा भरून नेली. प्रज्ञाच्या लग्नात पोटभर जेवले. तुझ्या सासूच्या तक्रारी मला तोंडपाठ होत्या. पण तुमच्याकडे माणूस गेलं की काय करतात, हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. विचारणं म्हणजे वेगळं काढणं, असं मला वाटायचं. आपण सगळे सारखे, मग विचारायचं काय त्यात? तू वर बसून हसली असशील. नाही, वर बसून हेही तुमच्यात नसेल. बघ, पुन्हा तेच.

तुझं सगळं माझ्या उलटं. आपण दोघी एकाच जूनमध्ये लागलो. तेव्हा ह्या खोलीला धड दार नव्हतं, खाली मेट्रोही नव्हती. पहिल्याच आठवड्यात तू रंगीत खडूंची सगळी खोकी चटईवर उलटी केलीस आणि त्यातला एकेक फिकट गुलाबी खडू वेचून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायला लागलीस. पोरं त्या खडूला 'स्किन कलर' म्हणतात, तोच.

मी म्हटलं, "अगं, मग पोरांनी माणूस रंगवायचा कशाने?"

"ह्या रंगाचं एक तरी माणूस ह्या डोंगरावर दाखव. लगेच परत देते."

मी खरंच दाराबाहेर बघितलं. नळावर पंधरा-वीस बायका होत्या. एकही सापडली नाही. तो डबा आजही कपाटावर आहे, आणि दर जूनला त्यात भर पडते.

मग जुलैत तू रंग कालवायला काढलेस. तेव्हापासून दर जुलैला काढत आलीस. मैदा, कणीक, नाचणीचं पीठ, हळद, गेरू, चहाचं उकळून दाट केलेलं पाणी, बाहुली टिकावी म्हणून बचकभर मीठ. प्रत्येक पोराला एकेक वाटी. जोडीजोडीने बसायचं, हाताला हात लावून बघायचं, आणि आपापल्या कातडीसारखं पीठ होईपर्यंत मळत राहायचं. एक बारीक गोळी मनगटावर चिकटवायची. ती दिसेनाशी झाली की ओरडायचं, "लागला!" मग त्याच पिठाची बाहुली करायची आणि सावलीत वाळवून कपाटावर मांडायची. आपल्या दोघींच्याही बाहुल्या असायच्या. तुझी सगळ्यात डावीकडे, तिच्याशेजारी माझी.

पिठात हात असताना तुझा खेळ रंगायचा, एरवीही तू तो अधूनमधून घ्यायचीस. जोडीदाराकडे बघून एक वेगळं सांगायचं आणि एक सारखं. आधी वेगळं, मग सारखं. हा क्रम तू कधी बदलू दिला नाहीस. ज्याला सुचायचं नाही त्याला तू ओरडायची नाहीस. "विचार कर. सोमवारी सांग," म्हणायचीस. आणि सोमवारी न विसरता विचारायचीस. पोरं बिचारी शनिवार-रविवार घरच्यांना भंडावून सोडायची.

काय काय ऐकलं आपण! "हिचे केस कुरळे, माझे सरळ. दोघींच्या डोक्यात उवा." "त्याचा पप्पा घरी असतो, माझा दुबईला. दोघांचे पप्पा फोनवर असतात." ह्या वर्षीचा झैद आठव, ज्याचे वडील जरीकामाच्या कारखान्यात आहेत. तो आणि आपली आरोही जोडीला. झैद म्हणाला, "इसकी मम्मी का रेनकोट काला, मेरी अम्मी का बुरखा काला. सेम!" आणि आरोहीने कमरेवर हात ठेवून त्याला बजावलं, "आधी वेगळं सांगायचं असतं रे!" त्या दिवशी तू हसता हसता भिंतीला टेकलीस. छातीवर हात होता तुझा. हसण्यामुळे असेल, असं मला वाटलं.

पण मला तो खेळ नको असायचा. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि तू कधी खोदून विचारलं नाहीस. मी घरात सगळ्यात काळी. आजी आल्यागेल्याला माझ्याबद्दल सांगायची, "चेडू काळा असा, पण नाकाडोळ्यांनी बरा असा." हे तिच्या लेखी कौतुक होतं. दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय घेऊन मला मोरीत बसवायची आणि भांडं घासावं तशी घासायची. पुढे बघायला आलेल्या तीन मंडळींनी चहा-पोहे खाऊन निरोप पाठवला, आणि तिन्ही वेळा बाबा मिलमधून येऊन माझ्याकडे न बघता हातपाय धुवायला गेले. मग मी एक ठरवलं होतं. जिथे माझं चालेल तिथे रंग हा शब्दच निघू द्यायचा नाही. सगळे सारखे, विषय संपला. आणि नेमकी तू भेटलीस, वाट्या घेऊन बसलेली.

दर जुलैला माझ्या वाटीत मी मूठभर मैदा जास्त टाकायचे. तुला दिसायचं. तू माझ्या वाटीकडे बघायचीस, मग तोंड फिरवून पोरांच्या देखत म्हणायचीस, "सुलभा टीचर, नाचणी संपली का गं? आणून देऊ?" मी म्हणायचे, "गप गं." बावीस वर्षं हाच संवाद. माझी बाहुली कपाटावर माझ्याहून दोन हात गोरी उभी असायची आणि तू तिला 'लग्नातली सुलभा' म्हणायचीस. मला राग यायचा, आणि खरं सांगू, बरंही वाटायचं. माझ्या काळेपणाबद्दल माझ्याशी हसून बोलणारी आयुष्यात तू एकटीच. बाकी सगळे एक तर घासायचे, नाहीतर "छे, कुठे काळी आहेस तू" म्हणायचे.

आता मोठी गोष्ट.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. जून होता, नवीन पोरांची रडारड चालू होती. एक आई मला दाराबाहेर घेऊन गेली. आमच्याच तालुक्याकडची, आडनावावरून तिने मला केव्हाच ओळखलं होतं. तिचा मुलगा तुझ्या गटात होता. आवाज खाली करून म्हणाली, "तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगते हां. त्या टीचर पोरांना डबा भरवतात ना... सासूबाईंना नाही चालत. माझं काही नाही, मी मानत नाही. तुमच्या गटात घ्या ना त्याला."

मला राग आला होता, रत्ना. कान तापले माझे. पण आत चौदा पोरं भोकाड पसरून बसलेली, तू एकाला कडेवर आणि एकाला पायाशी घेऊन गाणं म्हणत होतीस. मनात आलं, आता वाद घालून काय होणार? ही बाई पोरगं काढून घेईल. तुला कळलं तर तुला लागेल. तिला "बघते" म्हणून मी आत आले, आणि दुसऱ्या दिवशी तुला म्हणाले, "तुझ्याकडे एक जास्त होतोय. ह्याला मी घेते."

तू हजेरीच्या वहीकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "घे," म्हणालीस.

एवढंच. मी सुटले असं मला वाटलं. वर्षभर त्या पोराला मी माझ्या हाताने डबा भरवला आणि मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले, की बघा, मी किती सांभाळून घेतलं. रत्नाला कळूही दिलं नाही.

आता त्या शेवटच्या आठवड्याकडे येते. गुरुवारी तुझी तपासणी होती, ती पट्ट्यावर चालवतात ती. तू बुधवारी बजावून गेलीस, "रंग उद्या नको गं. शुक्रवारी दोघी मिळून करू." पण पिठं भरून ठेवली होती, तू सांगितल्यापासून पोरांना वास लागला होता. सकाळपासून "टीचर, लागला लागला कधी खेळायचं?" सुरू. मी एकटी. अठ्ठावीस वाट्या, अठ्ठावीस रंग, अठ्ठावीस मनगटं. मला ते डोळ्यांपुढे येऊनच घाम फुटला. मी मोठी परात घेतली. मैदा, कणीक, नाचणी, हळद, गेरू, चहा, सगळं एकत्र ओतलं आणि एकच गोळा मळला. मध्यमसा तपकिरी. त्याचे लाडवाएवढे अठ्ठावीस भाग केले.

आरोहीने विचारलं, "टीचर, माझा रंग कुठाय?"

"हाच. सगळ्यांचा हाच. आपण सगळे सारखे ना?"

तिने गोळा मनगटाला लावून बघितला. अर्ध्या तासात अठ्ठावीस बाहुल्या तयार. भांडण नाही, सांडलवंड नाही. इतकी सुरळीत गेलेली ती बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी तू आलीस, छत्री खिळ्याला लावलीस आणि कपाटापुढे उभी राहिलीस. पाठमोरीच विचारलंस, "ह्यातली आरोहीची कुठली?"

मला सांगता येईना. मग तू पोरांनाच बोलावलंस, आपापली घ्या म्हणून. त्यांनाही कळेना. दोघं एकीवरच तुटून पडले, एकीचा हात मोडला, झैद रडायला लागला, "मेरा वाला नहीं मिल रहा." तू त्याला उचलून घेतलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "दे बघू आता शोधून ज्याची त्याला."

साडेबाराला पोरं गेल्यावर चटया गुंडाळता गुंडाळता आपण भांडलो. इतकी वर्षं रोज काही ना काहीवरून भांडत आलो, पण हे तसलं नव्हतं.

मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीवरून किती गं ताणतेस? शेवटी शिकवायचंय काय? सगळे सारखे, हेच ना? मी एका दिवसात शिकवलं."

"शिकवलं नाहीस. झाकलंस. पोरांना डोळे आहेत, सुलभा. त्यांना दिसतं. दिसतं ते बोलायचं नाही, एवढंच तू शिकवलंस."

"म्हणजे मी भेद करते?" माझा आवाज चढला. "बावीस वर्षांत मी तुझ्याशी कधी वेगळी वागले? एकदा तरी? सांग ना!"

तू चटई खाली ठेवलीस. "त्या पोराला माझ्या गटातून का नेलं होतंस?"

कुठलं पोरगं, असं मी विचारलं नाही. तेवढी लाज होती मला.

"तेव्हा माझे चौदाच होते, तुझे पंधरा," तू म्हणालीस. "मला मोजता येतं गं. त्याची आजी नंतर रस्त्यात भेटली तर पदर सावरून पलीकडून जायची."

"तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"मला वाटायचं ते वाटलंच ना. पण एकटीला वाटलं."

मी म्हटलं, "दमलेय मी, रत्ना."

"मी पण." तू पर्स खांद्याला लावलीस. खरंच दमलेली दिसत होतीस. मग दारातून वळून, पोरांना म्हणतेस अगदी त्याच आवाजात म्हणालीस, "विचार कर. सोमवारी बोलू."

रविवारी सकाळी मी बोंबील साफ करत होते तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. तपासणीचा कागद सोमवारी मिळणार होता म्हणे. तोही सोमवारीच.

विचार केला मी, रत्ना. दुसरं काही केलंच नाही. मी त्या बाईला दारातच सांगायला हवं होतं की पोरगा रत्ना टीचरच्याच गटात राहील, नाहीतर दुसरीकडे न्या. आणि मग आत येऊन तुला सांगायला हवं होतं, हे असं असं ती म्हणाली. आपण दोघींनी मिळून तिला शिव्या घातल्या असत्या. तू चहा टाकला असतास. तुला लागलंच असतं, पण मी शेजारी असते. मी तुझ्यासाठी काही सांभाळलं नाही. मी माझी सकाळ सांभाळली. चुकले मी. हे दोन शब्द आठ वर्षांत कधीही बोलता आले असते, रोज साडेचार तास तू हाताच्या अंतरावर होतीस.

आणि तू मात्र, मी ते पोरगं नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही माझ्यासाठी चटणी आणलीस. ह्याचं काय करू मी आता?

पोरांना सांगायची पाळी माझ्यावरच आली. त्या पहिल्या सोमवारी म्हटलं, रत्ना टीचर देवाघरी गेल्या. झैदने लगेच विचारलं, "कौन से देव के घर?" तू असतीस तर ह्या प्रश्नावर आठवडा काढला असतास. आरोही रोज दारात चप्पल काढताना खिळ्याकडे बघते. छत्री आहे म्हणजे टीचर येणार, असा तिचा समज असावा. ती छत्री काढायचं धाडस मला झालेलं नाही.

आज सकाळी तो पर्समधला कागद ताईंना द्यायचाच, असं ठरवून आले होते. आले आणि कपाटावर त्या अठ्ठावीस सारख्या बाहुल्या, एक हात मोडलेली, माझ्याकडे बघत उभ्या. म्हटलं, जायचं तर जा बाई, पण हे निस्तरून जा. बाहुल्या उतरवल्या. वाट्या काढल्या. एकटीने, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. अडीच तास लागले, गं. गेरू भिंतीपर्यंत उडाला. दोन वाट्या उपड्या झाल्या, एकाने हळद खाल्ली. पण एकेक "लागला!" ऐकू यायला लागलं. मीही माझी वाटी घेतली. नाचणी घेतली, चहाचं पाणी घेतलं. मैद्याच्या डब्याकडे हात गेला होता, सवयीने. मागे घेतला. गोळी मनगटावर ठेवली तर आरोही वाकून बघत म्हणाली, "टीचर, गोळी गेली कुठे?" लागला होता रंग. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी माझा हात इतका वेळ बघितला असेल.

मग ती म्हणाली, "आता रत्ना टीचरची."

मी नवीन वाटी घेतली. कणीक घातली. आणि हात थांबला. तुझा रंग कसा होता, रत्ना? बावीस वर्षं कोपराला कोपर लावून बसले मी. तुझा आवाज सांगेन, तुझी चाल सांगेन, तुझ्या पर्समधल्या औषधांची नावं सांगेन. रंग आठवेना. मनात 'गव्हाळ' असा शब्द आला, लग्नाच्या जाहिरातीत छापतात तसला. तुझ्याकडे बघायचं नाही, हीच माझी इतक्या वर्षांची पुण्याई.

पोरांना मात्र आठवत होता. आरोहीने वाटी माझ्याकडून ओढून घेतली. "एवढा पिवळा नाही. चहा टाका अजून." झैद म्हणाला, "थोडा लाल था, ये वाला डालो," आणि गेरूची चिमूट सोडली. "टीचर, इधर जला हुआ था, तवे से." त्याने मनगटाच्या वर अंगठ्याएवढी जागा दाखवली. मला तो डागही माहीत नव्हता. सहा-सात जणांची डोकी त्या वाटीवर वाकलेली, हा नाही, तो नाही, अजून थोडा. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. आरोहीने बारीक गोळी केली, दोन बोटांत धरली, आणि माझ्याकडे बघितलं.

"टीचर, लावून कुठे बघायची?"

रडले मी तेव्हा. पोरांसमोर रडायचं नाही हा आपला नियम, पण मोडला. मग हात पुढे केला. तिने तुझी गोळी माझ्या मनगटावर ठेवली. लख्ख वेगळी दिसत होती. डोंगराखालून मेट्रो जाईपर्यंत मी तो हात तसाच ठेवला.

"नाही लागला," झैद हिरमुसून म्हणाला.

"नाहीच लागणार. तो रत्ना टीचरांचा आहे आणि हा माझा."

आरोहीने कमरेवर हात ठेवले. "मग सांगा. आधी वेगळं."

मी सांगितलं. रंग वेगळा. तिचं गाव आत घाटावर, माझं समुद्राकाठी. ती माणूस गेलं की वंदना म्हणते, आम्ही कावळ्याची वाट बघतो. एका बाईला तिच्या हातचं चालायचं नाही आणि माझ्या हातचं चालायचं, हेही सांगितलं. "का?" पोरांनी विचारलं. "त्या बाईचं चुकलं म्हणून. आणि मी तिला तसं सांगितलं नाही, ते माझं चुकलं," म्हटलं. त्यांना किती कळलं माहीत नाही. पण तुझ्या खोलीत, तुझ्या पोरांसमोर, मी मोठ्याने बोलले.

"आता सारखं," आरोही म्हणाली.

सुचेना गं. बावीस वर्षं जे तोंडावर होतं ते नेमकं आज सुचेना. दोघी टीचर, दोघींचे गुडघे, असलं काहीतरी आलं मनात, पण तुला ते चाललं नसतं. आरोहीने थोडी वाट बघितली आणि माझ्या गुडघ्यावर पिठाचा हात ठेवला.

"विचार करा," ती म्हणाली. "सोमवारी सांगा."

तुझी बाहुली सगळ्यात डावीकडे वाळत ठेवली आहे, तिच्याशेजारी माझी. पर्समधला कागद मी फाडलेला नाही, उगाच तुला खोटी आशा कशाला लावू. पण ही पोरगी विसरायची नाही. सोमवारी मला यावं लागणार, रत्ना.